भिंतीतली बावीस भोकं

मोहन नगर, दुर्ग
१४ नोव्हेंबर २०२३

भूपेंद्र,

तुझी पुठ्ठ्याची नळी पोचली. कुरियरवाल्याने ती हातात देताना विचारलं, "मॅडम, कॅलेंडर है क्या?" मी हो म्हणाले. जो मुलगा अकरा वर्षं बापाशी एक शब्द बोललेला नाही त्याने बापाच्या घराच्या भिंतीचं ड्रॉइंग पाठवलंय, हे त्याला समजावत बसायची माझी इच्छा नव्हती.

नळीवर तू सोलनचा पत्ता लिहिलायस, त्यावरच हे पाठवते आहे. व्हॉट्सॲपवर तू निळी खूण दाखवून गप्प बसतोस. कागद निदान फाडावा तरी लागतो.

प्लॉटची मापं आणि फोटो बाबांनी आपल्या जुन्या सोबत्याच्या, धोंडबाकाकांच्या मोबाइलवरून तुला पाठवले, हे मला नळी आल्यावर कळलं. या प्लॉटसाठी दोन वर्षं शाळा सुटल्यावर मी तहसिलीत खेटे घातले. पण माप पहिल्यांदा तुला. स्टील प्लांटची पक्की नोकरी सोडून पहाडात रस्ते बांधायला तू गेलास, आईच्या तेरवीला उगवलास, बाबांशी भांडून भरलं ताट तसंच ठेवून निघालास, त्यानंतर या घरात तुझं नाव निघत नव्हतं. आणि आता तुझं शीट जेवणाच्या टेबलावर पसरलं आहे, चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवून. मी ताट मांडीवर घेऊन जेवले.

जागा तुला फोटोत कळली नसेल म्हणून सांगते. कॉलनीचं नाव 'हिल व्ह्यू'. भिलाई पोळपाटासारखी सपाट. इथे चढ हवा असेल तर ओव्हरब्रिजवर जावं लागतं. हथखोजच्या पुढे मुरुमाची एक जुनी खदान आहे, तिच्यातून काढून टाकलेल्या मातीचा ढीग चाळीस वर्षांत बाभळी उगवून टेकडीसारखा दिसायला लागला. त्यालाच 'हिल' म्हणायचं. 'व्ह्यू' म्हणजे समोरच्या कारखान्यांचे पत्रे. बाबांना उतारावरचाच प्लॉट आवडला. म्हणतात, "जिंदगीभर सपाट क्वार्टरात राहिलो. आता जरा वरून पाहू."

शीटच्या कोपऱ्यात तू लाल शाईने लिहिलंयस: 'वीप होल्स – २२. कधीही बंद करू नयेत.' वीप म्हणजे रडणं ना? भिंतीला रडायला भोकं ठेवायची. तुम्हा इंजिनियर लोकांना असलं बरं सुचतं. माणसांचं रडणं ऐकायला मात्र तेराव्या दिवशी येता.

निशा


मोहन नगर
९ जानेवारी २०२४

भूपेंद्र,

तू उत्तर देणार नाहीस हे ठाऊक होतं. तरी लिहिते, कारण बाबा रोज विचारतात, "त्याले कळवलं का?" 'त्याले' म्हणजे कोणाला हे मी आता विचारत नाही.

पाया खोदून झाला. मिस्त्री तेजराम, गोंदियाकडचा. त्याने पहिल्याच दिवशी तुझं शीट उलटं धरून पाहिलं, मग सुलटं.

"बाई, हे शीट कोनं काढलं?"

"भावाने."

"थो कुठी राहते?"

"पहाडात."

"मंग बराबर. इथं कोनी नऊ फूट खोदत नाही. इथं तीन फूट खोदते अन् नारळ फोडते."

तू लिहिलंयस, ढिगाच्या मातीवर पाया नको, खालचा मूळ मुरूम लागेपर्यंत खोदा. सहा फुटांवर तेजराम म्हणाला, लागला. बाबा पंचाहत्तरीला आलेत, एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी खड्ड्यात उतरले. पहार आपटून तिचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "हा मुरूम नाही, तेजराम. हा तुया आळस आहे. खोद." नऊ फुटांवर पहार खणखणली. बाबा वर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी दहावीत जिल्ह्यात तिसरी आले तेव्हा शोधलं होतं. सापडलं नव्हतं.

भिंत दगडी बांधकामाची, खाली पाच फूट रुंद, वर दोन. भिंतीच्या मागे गिट्टीचा थर, मग भराव, आणि त्या भरावावर बाबांची खोली. भिंतीच्या खाली सहा फुटांची गल्ली आणि गल्लीपलीकडे मैनाबाईचं पत्र्याचं घर. मैनाबाई कॉलनी होण्याआधीपासून तिथे आहे. घरात ती, विधवा सून आणि दोन शेळ्या.

तुझ्या वीप होलला तेजराम 'व्हीआयपी होल' म्हणतो. "बावीस व्हीआयपी! मंत्र्याच्या घरीबी इतके येत नाही." गडीमाणसं दिवसभर हसत होती. बाबा हसले नाहीत. त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि सगळ्यांना ऐकवलं, "चौतीस वर्षं मी कोक ओव्हनच्या भट्टीची दारं लिपली. एका फटीतून गॅस निघाला तरी साहेब बोंबलत ये. माया हातानं किती फटी बुजवल्या त्याची गिनती नाही. आता पोरगा म्हणते भोकं ठेवा. ठेवतो बा."

मला त्यात काही विशेष वाटलं नाही. फक्त कळवते आहे.

शीटला बाबांनी लॅमिनेशन करून आणलंय. आईच्या फोटोला अजून साधी काच आहे.

निशा


मोहन नगर
२१ मार्च २०२४

भूपेंद्र,

भिंत उभी राहिली. तुझी स्तुती करायला हे लिहीत नाही. ती करणारे इथे पुष्कळ आहेत.

भराव दाबायला वरून आठ दिवस पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी त्या बावीस भोकांत बसवलेल्या पाइपांतून तपकिरी पाणी यायला लागलं. ताज्या दगडांवर तपकिरी ओघळ. रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून बघतो. तुला क्वार्टरचे दिवस आठवत असतील. ज्याची भिंत ओली त्या घरचा माणूस नालायक. शेजारच्या बाया भिंतीवरून हात फिरवून बघायच्या.

शीला आत्या चरोद्याहून भिंत बघून घरी आली. चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "अगं माय, नवीन भिंत अन् आत्ताच गळते? क्वार्टर बरं होतं मंग. तिथं कंप्लेंट तरी लिहाले येत होती."

मला वाटलं, बाबा आता खाली बघतील. बाबा म्हणाले, "गळत नाही, शीला. पानी बाहेर टाकून राहिली. आत राहिलं तं भिंतीले ढकलते. भूपेंद्रचं शीट आहे." आणि खिळ्यावर टांगलेलं शीट काढून तिला दाखवायला लागले. आत्याला इंग्रजी येत नाही, बाबांना ते वाचायला दिसत नाही. दोघं अर्धा तास त्यावर बोटं फिरवत होती.

मग आत्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. बाबा म्हणाले, "निशा आहे ना, चहा मांडते."

दगड कोणता, रेती कोणती, गिट्टी धुतलेली की न धुतलेली, पाइपांना बाहेरच्या बाजूला उतार आहे की नाही, हे बघायला रोज चाळीस मिनिटं स्कूटीने कोण जातं, ते शीटवर लिहिलेलं नाही. ते लिहायची पद्धत नसते. मी गणित-विज्ञान शिकवते, मला उतार मोजता येतो. एक पाइप आतल्या बाजूला कलला होता, तो मी उपसायला लावला. तुझी भिंत इतकी बरोबर झाली आहे ती माझ्यामुळे, आणि हे सांगायला मला तुझ्याशिवाय कोणी नाही, यासारखा दुसरा अपमान नाही.

एकटी मैनाबाई खूश आहे. तिने पाइपांखाली चर खणून ते पाणी आपल्या लाल भाजीच्या वाफ्यात वळवलं आहे.

मागचं घर छतापर्यंत आलं आहे, त्यावर मारलेलं पाणी रोज पाइपांतून उतरतं; वास्तू अक्षय तृतीयेला. बाबांची इच्छा आहे की तू यावंस. ते सांगणार नाहीत, मीही आग्रह करत नाही.

निशा


हिल व्ह्यू, भिलाई
१३ मे २०२४

भूपेंद्र,

तू आला नाहीस. अक्रोड आले. बाबांनी ते स्वतः फोडले आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवला, सत्यनारायणाचा प्रसाद असावा तसा. "पोरानं पहाडातून पाठवले." पोराला स्वतः यायला काय झालं होतं, हे कोणी विचारलं नाही. लोक सभ्य आहेत.

कार्यक्रम चांगला झाला. प्लांटमधले बाबांचे जुने सोबती आले, धोंडबाकाका काठी टेकत आले. भिंत स्वच्छ होती. आदल्या आठवड्यात मी दोन बायका लावून दगड घासून घेतले होते. एक ओघळ नाही, एक डाग नाही. झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. शीला आत्याने पूर्ण भिंत नजरेखालून घातली आणि तिला बोलायला काही सापडलं नाही, हे बघायला तू हवा होतास.

बाबा म्हणाले, "पानी थांबलं वाटते."

"भराव बसला असेल," मी म्हणाले. उन्हाळा आहे, पाणी थांबणारच.

मैनाबाईने तेवढं, लेकीला विचारावं तसं, विचारलं, "नोनी, पानी काबर बंद होगे?" तिला भाजीची काळजी. मी तिला आमच्या नळाला पाइप लावून दिला.

धोंडबाकाका निघताना बाबांना म्हणाले, "दौलत, पोरानं नाव काढलं." बाबा रडले. सगळ्यांसमोर. आईच्या वेळीसुद्धा ते आत जाऊन रडले होते.

मी बुंदीच्या पिशव्या वाटत होते. मला एकही उरली नाही. असो.

निशा


हिल व्ह्यू
११ ऑगस्ट २०२४, सकाळी अकरा

भूपेंद्र,

फोटो व्हॉट्सॲपवर टाकले आहेत. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकेन, कारण मला जे म्हणायचं आहे ते लेखी असावं.

सहा दिवस पाऊस थांबला नाही. आज सकाळी मैनाबाई वर आली आणि दारातच म्हणाली, "नोनी, तोर दीवाल के पेट निकल गे हे." मी छत्री घेऊन खाली गेले. भिंतीच्या मध्यावर खरंच पोट सुटलंय. तेजरामने ओळंबा सोडला; चार बोटं बाहेर. वर बाबांच्या खोलीच्या फरशीत भिंतीला समांतर चीर गेली आहे, तिच्यात माझी करंगळी जाते.

तेजराम म्हणाला, "बाई, खालच्या बायांले वर घ्या. हे कवाबी खाली येते."

मैनाबाई यायला तयार नाही. शेळ्या सोडून कुठे जाऊ म्हणते. सून दारात उभी राहून आमच्या भिंतीकडे बघते आहे.

बाबांनी शीट खिळ्यावरून काढलं. फाडायला गेले, पण लॅमिनेशन फाटत नाही. त्यांनी ते पलंगाखाली फेकलं आणि म्हणाले, "अकरा वर्षांचा राग होता त्याच्या मनात. थो त्यानं भिंतीत भरला. मले मारासाठी शीट पाठवलं त्यानं."

मी काय म्हणणार? नऊ फुटांचा पाया, पाच फुटांची रुंदी, सगळं तुझ्या आकड्यांप्रमाणे. तुम्ही तिकडे डोंगर कापता, रस्ते वाहून गेले की पावसाला दोष देता आणि पुढच्या कामावर जाता. इथे पुढचं काम नाही. इथे आमचं एक घर आहे आणि त्याच्या खाली दोन बाया झोपतात. तुझ्या गणितात चूक कुठे आहे, ती कळव. मोठ्या इंजिनियरला एवढं जमावं.

निशा


हिल व्ह्यू
१८ ऑगस्ट २०२४

भूपेंद्र,

त्या दिवशी तुझा मेसेज बारा वाजता आला. मी इकडे पानभर शिव्या लिहून ठेवल्या होत्या आणि फोटो बघून तू एवढंच विचारलंस: 'ताई, पाइपांतून पाणी येतंय का?'

मी फोन केला. तू पहिल्या घंटीला उचललास. मी म्हणाले, "येत नाही. मी बुजवलेत." तू म्हणालास, "वरची ओळ पयले उघडा. समोर कोनी उभं नको राहा, बाजूनं ड्रिल मारा. खालच्या लोकांना आत्ता हलव." बस. का बुजवले हे तू विचारलं नाहीस. तुझा हा समंजसपणा मला तुझ्या अबोल्याहून जास्त लागतो. विचारलं नाहीस म्हणूनच लिहिते आहे.

वास्तूच्या तीन दिवस आधी बाबा लोकलने चरोद्याला आमंत्रणं द्यायला गेले होते. न्हाणीतल्या चुलीसाठी त्यांनी हथखोजहून भट्टीच्या सिमेंटची अर्धी गोणी आणून ठेवली होती. मी बादलीत कालवली. किती पाणी, किती मळायचं, तोंडापासून दोन बोटं आत भरून अंगठ्याने कडा कशी गोल करायची, हे मी आठ वर्षांची असताना बाबांनीच शिकवलं होतं. तू तेव्हा पाळण्यात होतास. त्यांनी मला शिकवलेली तेवढी एकच गोष्ट. दुपारी दोन ते पाच, बावीस पाइप. सिमेंटमधून पाणी पाझरू नये म्हणून प्रत्येकाला दोनदा दाबलं.

शीला आत्याच्या तोंडासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत आले. तुला सांगताना तेही टिकत नाही. लाल शाईतली तुझी सूचना मी वाचली होती. पाणी भिंतीला कसं ढकलतं हे मी नववीच्या वर्गाला शिकवते. मला ठाऊक होतं. मला फक्त त्या भिंतीत तुझं एक तरी वाक्य खोटं पडायला हवं होतं. मैनाबाईचं घर तेव्हाही तिथेच होतं. मी पाइप साफ करते आहे असं समजून तिने मला खालून ताक आणून दिलं. मी ते प्यायले.

फोन ठेवला आणि मी तेजरामला सांगितलं, पाइप फोडायचे आहेत, ते मी बंद केलेत. बाबा दारात उभे होते.

"तू कावून खोटं बोलून राहिली?" बाबा म्हणाले. "त्याले वाचवाले?"

"खरं सांगते, बाबा."

"तुले मी ओळखत नाही का? नेहमी दुसऱ्याचं अंगावर घेतं तू. त्याचं नको घेऊ."

भूपेंद्र, त्या क्षणी मला गप्प बसता आलं असतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला चांगलं म्हटलं होतं.

मैनाबाईला मी हाताला धरून आणलं. ती हात सोडवायला लागली तेव्हा तिलाही सांगितलं, की भिंतीचं पोट माझ्यामुळे सुटलंय. तिने हात सोडवायचं थांबवलं. मग सुनेला म्हणाली, "छेरी मन ला खोल," आणि शेळ्यांचे दोर सोडून दोघी वर आल्या.

तेजरामने बाजूला उभं राहून वरच्या ओळीत ड्रिल लावलं. पहिला बिट पाच मिनिटांत बोथट झाला. "हे सिमेट नोहे," तो ओरडला, "हे लोखंड आहे!" पाइपातून करडी पूड खाली पडत होती. बाबा पावसात खाली उतरले, कोणाचं न ऐकता. ओली पूड चिमटीत घेतली, बोटांवर चोळली. मग एका न फोडलेल्या पाइपात बोट घालून आतली गोल केलेली कड चाचपली. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण ती कड बघायला डोळे लागत नाहीत. ते माझ्याकडे वळले नाहीत. बोट पाइपात तसंच ठेवून उभे राहिले. तेजरामनेच त्यांना धरून मागे नेलं.

चौथा बिट लागला तेव्हा पाणी आलं. आधी तांबडी चिखलाची पिचकारी, मग हाताएवढी धार. संध्याकाळपर्यंत अकरा उघडले, दुसऱ्या दिवशी उरलेले. भिंत पडली नाही. तू सांगितल्याप्रमाणे मागचा भराव उपसणं चालू आहे. मधली बारा फूट उतरवून पुन्हा बांधावी लागेल, आणि बाबांची खोली पाडावी लागेल. तोवर मैनाबाई आणि तिची सून आमच्या बैठकीत आहेत, शेळ्या व्हरांड्यात. बाबा मागच्या खोलीत झोपतात.

पहिली धार आली तेव्हा तू पुन्हा फोनवर होतास. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "भूपेंद्र," ते म्हणाले, "पानी आलं." पुढे काय बोललात ते मला ऐकू आलं नाही, ड्रिल चालू होतं. तेव्हापासून ते रोज तुला धोंडबाकाकांच्या फोनवरून फोन करतात. माझा फोन मागत नाहीत. मी वाढते, ते जेवतात. मी विचारते, ते दुसरीकडे बघतात. गोळ्यांची वेळ मैनाबाईला विचारतात.

आज आठवा दिवस. त्यांची बाजू मला समजते, त्यामुळे चिडताही येत नाही. तुझा मी इतकी वर्षं तिरस्कार केला, पण तू पहाडात एकटा बसून हे कसं सोसलंस याचा एकदाही विचार केला नाही. मला आठ दिवसांत घराच्या भिंती अंगावर यायला लागल्या आहेत. तुला अकरा वर्षं कशी जमली? सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करायचास, तिथपासून लिही.

ताई